पिन काढून पुन्हा बघितलं तेव्हा

आधीच सांगून टाकते, मी त्या मशीनपाशी आजार शोधायला गेले नव्हते. मशीन बघायला गेले होते.

सवयच तशी आहे. इथे हिंदी मुलखात आमच्या टाउनशिपला लागून जो कारखाना आहे, तिथे मी तपासणी विभागात काम करते. ओतीव लोखंडाचे हत्तीएवढाले भाग, म्हणजे कास्टिंग, येतात. त्यांच्या पोटात कुठे भेग आहे का, पोकळी राहिली आहे का, ते न कापता बघायचं. वरून तेल लावायचं आणि हातातला प्रोब फिरवत राहायचं. आवाजाच्या लहरी आत जातात, परत येतात, आणि पडद्यावर नको तिथे टोक उठलं की समजायचं, आत काहीतरी आहे. माझ्या जोडीला फरीदा. हुद्दा एकच, आम्ही लागलोही एकाच वेळी. मी दोष काढला तर तिने परत बघायचं, तिने काढला तर मी, आणि दोघींची सही झाल्याशिवाय तो भाग जागचा हलत नाही.

हे सगळं सांगायचं कारण पुढे कळेलच. ज्या बाईला आत्ताच कुणीतरी "कॅन्सर" म्हणून सांगितलंय आणि जिला पुढचं काही ऐकूच आलं नाहीये, तिच्यासाठी मी लिहितेय. मी डॉक्टर नाही. औषधांची नावं माझ्या तोंडात अजून बसली नाहीत. माझ्याबाबतीत काय झालं तेवढं सांगते.

पापड

लेडीज क्लबच्या हळदीकुंकवाला एक तरुण डॉक्टरीण आली होती, डॉक्टर सक्सेना. एका संशोधन संस्थेतर्फे आमच्या टाउनशिपच्या हॉस्पिटलात त्यांनी एक नवीन मशीन चाचणीसाठी बसवलं होतं. मायक्रोवेव्ह लहरी सोडून स्तनातल्या गाठी शोधायच्या. मॅमोग्राफीसारखं दाबणं नाही, एक्स-रे नाही. त्यांना बायका हव्या होत्या, आपणहून येणाऱ्या.

मायक्रोवेव्ह म्हटल्याबरोबर निम्म्या बायका उठून चहाकडे गेल्या. घरी आल्यावर माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, डोक्याला हात लावला.

"अगं, त्याच्यात मी पापड भाजते! तू काय पापड आहेस?"

"आई, मोबाइल कानाला लावून तुम्ही पुण्याला बोलत बसता ना, त्याच्याहूनही कमी ताकदीच्या लहरी असतात म्हणे."

"आमची इंदूरकरीण कुणाचं ऐकेल तर शपथ," आई म्हणाल्या. मी इंदूरची आहे हे त्या माझ्या प्रत्येक हट्टाचं कारण म्हणून वापरतात. मीही वापरू देते.

खरं सांगू? डॉक्टर सक्सेनांनी समजावलं तेव्हाच मी हरखून गेले होते. चरबीत पाणी कमी असतं, गाठीत जास्त. जिथे पाणी जास्त तिथून लहर वेगळी होऊन परतते. ती कुठून, कशी परतली यावरून आतलं चित्र तयार करायचं. मी म्हटलं, "अहो, हे तर आमचंच काम!" आदल्या वर्षी टाउनशिपच्या शिबिरात माझी मॅमोग्राफी झाली होती. तेव्हा म्हणाले होते, मांस दाट आहे, त्यामुळे नीटसं दिसत नाही, पण काही सापडलं नाही. मी त्यातलं "सापडलं नाही" तेवढं घरी घेऊन आले होते.

वाडगं

मशीन बघून माझी जरा निराशाच झाली. एक पलंग, त्याला छातीच्या जागी भोक. पालथं झोपायचं. खाली वाडग्यासारखं भांडं, त्यात कसलंसं कोमट द्रावण, आणि वाडग्याच्या आत गोल ओळीने बसवलेले छोटे छोटे अँटेना. एक लहर सोडणार, बाकीचे ऐकणार. दुखत नाही, खुपत नाही. मान तेवढी अवघडते.

अंगावर धातू नको, अशी सक्त ताकीद होती. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, सगळं काढून पर्समध्ये ठेवलं. तिथला गाऊन घातला तर त्याची बगलेतली नाडी तुटलेली. आता मराठी बाईच्या बांगडीत एखादी सेफ्टी पिन अडकवलेली नसेल असं कधी झालंय का? घेतली पर्समधून, लावली बगलेत, आणि झाले पालथी. पिन हाही धातू आहे हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. लोखंडात जन्म गेला माझा, पण पिन म्हणजे आपल्या लेखी कपड्याचाच भाग.

झालं. पडद्यावर चित्र उमटलं. डावीकडे, बाहेरच्या अंगाला, एक उजळ डाग. डॉक्टर सक्सेना पडद्याकडे वाकल्या. मला पडदा तिरका दिसत होता, पण नको तिथे काही उठलं की माझ्या नजरेतून सुटत नाही.

मी उठून बसले आणि त्यांच्या मदतनीस मुलीने माझ्या बगलेकडे बोट दाखवलं. "मॅडम, ये क्या लगा रखा है?"

अशा हसलो आम्ही तिघी! माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टर सक्सेना डोळे पुसत म्हणाल्या, "यह रीडिंग तो बेकार गई मैडम. अगले हफ़्ते आ जाइए, पिन के बिना दोबारा लेंगे."

मी पहिलं वाक्य ऐकलं. दुसरंही ऐकलं असणार, पण घरी पोचेपर्यंत ते विरून गेलं होतं.

पेढे

घरी मी हा किस्सा साग्रसंगीत सांगितला. आईंनी देवापुढे साखर ठेवली. आमचे हे संध्याकाळी पेढे घेऊन आले. दुसऱ्या दिवशी डबा खाताना कारखान्यात परत तोच प्रयोग, अभिनयासकट. टेबलावरचे सगळे पोट धरून हसले. फरीदा सोडून.

तिने पेढा हातात धरला होता. "पिन हटाके दोबारा लगाया?"

"काय?"

"दोबारा देखा कि नहीं?"

आमच्या कामात एक रीत आहे. पडद्यावर टोक उठलं आणि त्याचं काही साधंसं कारण सापडलं, समजा वर लोखंडाचा कण चिकटलाय, तर तेवढ्यावर भाग पास करत नाहीत. कण काढायचा, जागा पुसायची आणि प्रोब परत लावायचा. टोक गेलं तरच ते कणाचं होतं. नाही गेलं तर वर कणही होता आणि आत भेगही आहे. नव्या पोरांना आम्ही हे इतक्यांदा सांगतो की ती आमची नक्कल करतात.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तुला हवंय तरी काय फरीदा? माझ्यात भेग निघायला हवीय?"

"मैं तो वही पूछ रही हूँ जो तू दिनभर सबसे पूछती है."

मी डबा उचलला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले. इतकी वर्षं एका ताटात जेवलेल्या बाईशी मी कामापुरतंच बोलू लागले. घरीही धुसफुस. ह्यांनी विचारलं, "मग ती तपासणी परत नाही करायची का?" तर मी त्यांच्यावरही खेकसले. आता कळतं, तो राग नव्हताच. भीतीने माझी गाळण उडाली होती आणि मला ते कुणाला दिसू द्यायचं नव्हतं.

मग एक दिवस एका मोठ्या भागावर मला टोक दिसलं. ओतशाळेचा माणूस धावत आला, त्याने वरचा कण खरवडून काढला आणि म्हणाला, "हो गया मैडम, निकल गया, पास कर दो." माझ्या तोंडून सवयीने निघालं, "निकल गया ना? तो दोबारा देखने में क्या जाता है?"

बोलले आणि हात तिथेच थांबला. समोर फरीदा उभी होती. तिने मान वर केली नाही, पडद्याकडेच बघत राहिली. टोमणा मारायची इतकी सुरेख संधी तिने सोडली, त्याबद्दल मी तिचे उपकार जन्मभर मानीन.

"शनिवारी येशील माझ्याबरोबर?" मी विचारलं.

"स्कूटर मैं चलाऊँगी," ती म्हणाली. "तू गुस्से में बहुत ख़राब चलाती है."

दुसऱ्यांदा

या खेपेला त्या मदतनीस मुलीने मला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. केसातला आकडासुद्धा काढायला लावला. मी पालथी झाले. फरीदा दाराबाहेर.

डाग तिथेच होता. तोच, डावीकडे, बाहेरच्या अंगाला.

डॉक्टर सक्सेना स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. त्यांनी आडपडदा ठेवला नाही आणि घाबरवलंही नाही. म्हणाल्या, "हमारी मशीन अभी ख़ुद इम्तिहान दे रही है. इसके भरोसे मैं आपको कुछ नहीं कह सकती, न अच्छा न बुरा. लेकिन सोनोग्राफ़ी कराइए, और डॉक्टर कहें तो सुई वाली जाँच भी. इसी हफ़्ते." हे मुद्दाम लिहिते, कारण मागाहून कितीतरी बायकांनी मला विचारलं, ते मायक्रोवेव्हवालं केलं की बाकी काही नको ना? हवं. बाकीचं सगळं हवं. त्या मशीनने मला दार दाखवलं, आत काय आहे ते सुईच्या तपासणीनेच सांगितलं.

सांगितलं ते असं, की कॅन्सर आहे.

त्या दिवशी डॉक्टर बोलत होते आणि मी भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होते. तो एका बाजूला फिरला की अडकायचा. मला वाटलं, कुणीतरी याला तेल का देत नाही? आमचे हे कारखान्याच्या खरेदी विभागात आहेत. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "काम कधीपर्यंत पूर्ण होईल?" एखाद्या ठेकेदाराला विचारतात तस्संच. पुढे त्यांनी आणखी दोन डॉक्टरांची मतं घेतली. तीन कोटेशनं आल्याशिवाय ह्या माणसाने आयुष्यात काही विकत घेतलेलं नाही, बायकोचा उपचार तरी कसा घेईल? तिघांनी एकच सांगितलं तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला.

घरी परतताना त्यांनी गाडी टाउनशिपजवळच्या सोनागिरीच्या बाजारात थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. भाजीवाल्याने खिडकीवर टकटक केली. "साहब, धनिया दूँ? ताज़ा है." ह्यांनी रडत रडत मान हलवली आणि दोन जुड्या घेतल्या. मी हसले की रडले ते मला आजही सांगता येणार नाही.

आई

आई एक अक्षर बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरात गेल्या आणि मसाल्याचे सगळे डबे काढून घासायला बसल्या. मला वाटलं, झालं, आता हे घर माझ्यामुळे मुकं होणार. माझा धीर सुटला तो तिथे, डॉक्टरांच्या खोलीत नव्हे.

डबे पुसून झाल्यावर त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हात ओले, डोळे लाल.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "नंबर माझा आहे. मी अजून इथे धडधाकट बसलेय. मध्ये घुसायचं नाही. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं, आणि त्यांच्या कमरेला मिठी मारून ओक्साबोक्शी रडले. आमच्यात असली मिठी-बिठीची पद्धत नव्हती. तेव्हापासून आहे.

मुलीला कळवण्यावरून मात्र घरात मोठं भांडण झालं. मुक्ता पुण्याला शिकते. तिची परीक्षा होईपर्यंत सांगायचं नाही, असं ह्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी म्हटलं, माझ्या अंगात काय आहे हे माझ्या मुलीला मी सांगणार. सांगितलं. परीक्षा देऊन ती हबीबगंजला उतरली (नाव बदललंय स्टेशनचं, पण आमच्या तोंडी तेच), तर बापाशी बोलेना. "पापा, यार, तुम्ही छुपवणार होता? मला?" त्या दोघांचं भांडण मिटवण्यात माझे ऑपरेशनआधीचे दिवस बरे गेले.

वॉर्ड

ऑपरेशन शहरातल्या कॅन्सर हॉस्पिटलात झालं. गाठ लहान होती, हाताला लागलीही नसती अशी. काखेत पसरलेली नव्हती. स्तन वाचला. पुढे केमो आणि रेडिएशनचे शेक घ्यावे लागले.

केमोबद्दल गोड बोलणार नाही. तोंडाला पत्र्याची चव यायची. वरणभातसुद्धा लोखंड चाटल्यासारखा लागायचा, आणि मला ती चव चांगली माहीत आहे. केस गेले तेव्हा आईंनी माझ्या टकलाला रोज खोबरेल चोळलं. कशाला चोळताय विचारलं तर म्हणाल्या, "जमीन तरी मऊ राहू दे." काही दिवस असे होते की मला कुणी नको व्हायचं. दार लावून भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि मनात एकच: संपलं तर संपू दे. हे तुम्हालाही वाटेल. वाटलं म्हणून घाबरू नका, आणि कुणाला तरी सांगा. मी फरीदाला सांगितलं होतं. तिने उपदेश केला नाही. खुर्ची ओढून बसली आणि कारखान्यात कोण कोणावर ओरडलं ते मीठमसाला लावून सांगत राहिली.

वॉर्डात शेजारच्या पलंगावर सागर जिल्ह्यातल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. माझ्याहून त्यांचा आजार पुढे गेलेला, पण रोज सकाळी पहिल्यांदा त्याच विचारायच्या, "कैसी हो बिन्नू?" त्यांच्याकडे बिन्नू म्हणजे लाडकी बहीण. मला सलाइन लावलेलं असलं की त्या संत्र्याच्या फोडीवरच्या शिरा काढून माझ्या तोंडात घालायच्या. त्यांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. पण संत्रं सोलताना त्यांची आठवण येत नाही असं होत नाही.

आणि एक सिस्टर होती, सुई टोचण्याआधी स्वतःचे हात एकमेकांवर घासून गरम करायची. तिला कुणी तसं शिकवलं नसणार. देव तिचं भलं करो.

स्कूटर स्टँड

उपचार संपल्यानंतरची मोठी तपासणी होती तेव्हा हे बाहेरगावी होते. फरीदा रजा टाकून आली. डॉक्टरांनी सगळं दोनदा बघितलं आणि म्हणाले, आता काही नाही. तपासायला येत राहा, पण आज काही नाही. लवकर सापडलं म्हणून बरं, असंही म्हणाले.

आम्ही स्कूटर स्टँडवर आलो. फरीदाने किल्ली लावली, पण बसेना. हँडल धरून नुसती उभी. बघते तर ही बाई रडतेय. ऑपरेशनच्या दिवशी, केमोत, कधी डोळ्यात टिपूस न आणणारी फरीदा, दुपारच्या उन्हात, सगळ्यांच्या देखत.

"अरे, आता काय झालं? आता तर सगळं ठीक आहे ना!"

"जिस दिन तूने पेढ़े बाँटे थे ना," ती म्हणाली, "और मैंने वो बात पूछी थी... उस दिन घर जाके मैं नमाज़ में बैठी रही. इतने साल में कितने कास्टिंग देखे, हमेशा यही चाहा कि जो है वो दिख जाए. पहली बार दुआ माँगी कि मैं ग़लत निकलूँ. दोबारा लगाएँ तो कुछ न दिखे. रोज़ माँगी. जब तू अंदर लेटी थी, तब भी दरवाज़े के बाहर यही माँग रही थी."

ती दाराबाहेर उभी होती आणि मी मनात म्हणत होते, हिला आता बरं वाटेल, हिचंच खरं ठरलं. किती कमी ओळखत होते मी माझ्या जोडीदारणीला. माझ्यावर इतका जीव असताना, मला नको असलेला प्रश्न तिने सगळ्यांसमोर विचारला होता, आणि दुसऱ्यांदा आत काही दिसू नये म्हणून देवाला विनवत बसली होती.

मी तिचा हात हातात घेतला. प्रोब धरताना कधीच न हललेला तो हात.

"फरीदा," मी म्हटलं, "अच्छा हुआ, ऊपरवाले ने तेरी नहीं सुनी."

ती रडता रडता हसायला लागली. मला मात्र हसू येईना. त्या उन्हात, हिरवी स्कूटर मध्ये घेऊन मी उभी होते, जिवंत होते, आणि तिचा हात सोडवत नव्हता.